देवरेकाकांच्या टॉर्चमधलं कडं

आमच्या दुकानावर पाटी आहे ती शैलामावशीची. ‘ब्लाउज, फॉल-पिको, सर्व प्रकारचे अल्टरेशन.’ सातपूर कॉलनीत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत हे दुकान आहे. पुढे मावशीचं मशीन, मध्ये शिवून टांगलेल्या ब्लाउजांची दोरी आणि दोरीच्या मागे माझं टेबल. मी जुने, भारी किमतीचे, खिशात मावणारे टॉर्च दुरुस्त करते आणि कुणाला हवे असतील तर आतून बदलूनही देते. माझी वेगळी पाटी नाही. मावशी म्हणते, ‘सर्व प्रकारचे’ म्हटल्यावर त्यात सगळं आलं. कुणी विचारलंच तर सांगते, “मी ब्लाउज अल्टर करते, ही बॅटऱ्या अल्टर करते.”

मला ही व्यवस्था सोयीची आहे. अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य काय बोलावं हे मला सुचत नाही, आणि सुचतं तेव्हा तो माणूस निघून गेलेला असतो. माझ्यापर्यंत यायचं तर ग्राहकाला ब्लाउजांच्या दोरीखालून वाकून यावं लागतं. पुरुष तिथेच थबकतात. टॉर्च मावशीच्या हातात देतात, “आत द्या” म्हणतात आणि उगाच रस्त्यावरची रहदारी बघत उभे राहतात. मलाही तेच हवं असतं.

हा लेखही मावशीमुळेच. ब्लाउजाची बाही सैल करायला आलेल्या एक बाई एका दिवाळी अंकाचं काम बघतात. बाही होईपर्यंत त्या माझ्या टेबलाकडे बघत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, “या कामावर लिहा ना आमच्यासाठी.” मी मान हलवली. ती ‘नाही’ अशी हलवली होती, पण मावशीने “लिहील, लिहील” असं सांगून टाकलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही अडखळते, म्हणून या लेखात आकडे कमी आहेत.

आधी काम काय ते सांगते. आपल्याकडे लोक टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. इथे मी टॉर्चला टॉर्चच म्हणेन. काही वर्षांपूर्वी कुणाचा तरी भाऊ, जावई किंवा मुलगी परदेशातून येताना बोटभर लांबीचा एक टॉर्च घेऊन आली. अखंड अॅल्युमिनियमच्या दांड्यातून कातलेला, पुढे खरी काच, मागे दाबायचं रबरी बटण. तेव्हा तो खिशातून काढला की साखरपुड्यातसुद्धा माणसं गोळा व्हायची. आता त्याहून जास्त उजेड रस्त्यावरच्या गाडीवरचा टॉर्च देतो. पण जुना हातात घेतला की टाकवत नाही. मग तो कपाटात जातो, आतला सेल तसाच राहतो, गळतो आणि एक दिवस टॉर्च माझ्याकडे येतो.

उघडणं हे निम्मं काम. बनवणाऱ्याने पुढचं तोंड चिकटवून टाकलेलं असतं, कारण आमच्यासारख्यांनी ते उघडू नये अशी त्याची इच्छा असते. हेअर ड्रायरने ते गरम करायचं, दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि पिळायचं. सुटलं नाही तर पुन्हा गरम करायचं. पक्कड लावायची नाही, अंगावर दात उमटतात आणि मालकाला नेमके तेवढेच दिसतात. गळलेल्या सेलचा खार व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने काढायचा. मग आतला एलईडी. तो टिकलीएवढा असतो आणि त्याचे टाके पोटाखाली असतात, त्यामुळे सोल्डरिंगचं टोक तिथे पोहोचत नाही. तो ज्या तांब्याच्या चकतीवर बसलेला असतो ती चकतीच खालून तापवावी लागते. त्यासाठी मी मावशीची जुनी इस्त्री उलटी बांधून ठेवली आहे. तिच्या तळव्यावर चकती ठेवायची, टाका वितळून चकाकला की जुना एलईडी चिमट्याने उचलायचा आणि नवा ठेवायचा. नवा क्षणभर त्या वितळलेल्या धातूवर तरंगतो आणि आपणहून सरकून नेमक्या जागी बसतो. मी त्या क्षणी अजूनही श्वास रोखून धरते. मावशी म्हणते, “देवासमोर एवढी एकाग्र झालीस तर लग्न जमेल.”

ग्राहकांची मागणी मात्र एकच. उजेड वाढवा.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांचा टॉर्च फवारणीच्या टाकीत पडला होता. मोरचुदाने आतून असा सुंदर निळा झाला होता, की मावशीने त्या रंगाचं अस्तर मिळतं का ते बघायला घेतलं. बागायतदार दोरीच्या पलीकडूनच बोलले, “ताई, अशी करा बॅटरी, की बागेच्या ह्या टोकाला उभं राह्यलं की त्या टोकाची पानं मोजता आली पायजे. लय लांब फेक पायजे.”

मी मावशीला हळूच सांगितलं आणि मावशीने त्यांना मोठ्याने सांगितलं, की एवढ्याशा अंगात एवढा उजेड भरला तर उष्णतेला जायला जागा राहत नाही. खिशात निखारा ठेवल्यासारखं होईल.

“चालंल की! थंडीचंच तर फिरतो बागेत.”

मी करून दिला. पंधरवड्यात ते परत आले, या वेळी पँट घेऊन. खिशात बटण दाबलं गेलं होतं आणि कापडाला टॉर्चच्या तोंडाएवढं गोल भोक पडलं होतं. टॉर्चबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. उलट ते भोक त्यांनी सगळ्या गावाला दाखवून झालं होतं. पँट मावशीने रफू केली. एकाच उजेडावर आम्हा दोघींची कमाई झाली असा तो एकमेव प्रसंग.

अशा शांत स्वभावाच्या बऱ्याच टॉर्चना मी लोकांच्या सांगण्यावरून तापट करून दिलंय. त्यातले काही तसेच ठेवायला हवे होते, असं आता वाटतं. पण उजेड कमी करून द्या, असं सांगायला कुणी येतच नाही.

देवरेकाका आले ते सरळ दोरीखालून वाकून आत. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्या उलट्या इस्त्रीकडे त्यांनी हात मागे बांधून बराच वेळ पाहिलं.

“काय करी राहिनी, पोरी?”

मला काही कळलं नाही. मावशीने मशीन न थांबवता सांगितलं, “काय करतेयस, असं विचारतायत. सटाण्याकडचे दिसतात.”

काका मूळचे बागलाणातले. सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, तपासणी खात्यात. निवृत्तीनंतर ते सातपुरात जाधवशेठच्या छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस जात. तिथे स्टीलचे बोटाएवढे व्हॉल्व्ह बनतात. प्रत्येकाला आरपार एक बारीक भोक. त्या भोकाच्या आतल्या भिंतीवर कुठे चीर, ओरखडा राहिला आहे का, हे टॉर्च तिरका धरून बघायचं. चांगला असेल तर डाव्या खोक्यात, नसेल तर त्याला लाल रंगाचा ठिपका आणि उजव्या खोक्यात. हे काकांचं काम.

“बॅटरीचा उजेड बसला,” ते म्हणाले. “नीट करून दे. तोवर माझं काम बंद आहे.”

का बंद, ते त्यांनी मला शाळेतल्या सरांसारखं समजावलं. खिशातून रुमालाची घडी काढली. त्यात एक व्हॉल्व्ह होता. त्याच्या आत एक अगदी पुसट चीर होती, मुद्दाम सांभाळून ठेवलेली. “इन्स्पेक्टर सकाळी आल्या आल्या माल तपासत नाही. आधी साधन तपासतो. मी रोज ह्या तुकड्यात बघतो. चीर दिसली तर बॅटरी ठीक, मग माल हातात घ्यायचा. नाही दिसली तर त्या दिवशी एकही तुकडा पास करायचा नाही.”

“मग?”

“मग चहा प्यायचा आणि घरी जायचं. सध्या रोज चहाच पितोय.”

जाधवशेठचा माल खोक्यांत पडून होता. शेठ म्हणत होते, काका, तुमच्या नजरेवर आमचा भरवसा आहे, नुसता एक हात फिरवून टाका. काका म्हणत होते, हात नाही, उजेड फिरवायचा असतो. शेवटी शेठ म्हणाले होते, असंच चाललं तर मी आपला कॅमेऱ्याचं मशीन बसवतो, आणि तुम्ही घरी आराम करा.

“घरी बसलो तर तुझी काकू मला मेथी निवडायला लावेल,” काका म्हणाले. “आणि मी अर्धी जुडी रिजेक्ट करीन. आमचा संसार मोडेल, पोरी.”

ते हसत होते, पण रुमालाची घडी घालताना त्यांनी ती दोनदा उलगडून पुन्हा घातली.

टॉर्च त्यांना मुलीने तिच्या पहिल्या नोकरीत घेऊन दिलेला. उत्तम ठेवलेला, आतून लख्ख. एलईडी मात्र खरंच म्हातारा झाला होता. मी नवा बसवला. उजेड मोजायचं एक छोटं यंत्र माझ्याकडे आहे. त्यावर आकडा पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट आला. काकांनी यंत्राकडे आदराने पाहिलं आणि टॉर्च घेऊन गेले.

चार-पाच दिवसांनी दोरीखालून पुन्हा तेच डोकं आलं. “फरक आहे. पण चीर नीट दिसत नाही. अजून थोडा वाढव.”

मी आतलं सर्किट बदललं. आकडा आणखी वर गेला. काका पुन्हा आले.

“आता तर दोष वाढला. स्टीलवर उजेड पडला की चमकणाऱ्या ठिपक्याभोवती कडं येतंय. इंद्रधनुष्यासारखं. आणि आत सगळं धुरकट. तुझी काच खराब असणार.”

मी काच बदलली. ते टेबलाशीच बसले, तुकडा समोर धरला, टॉर्च लावला. “हे बघ. कडं.”

मी वाकून पाहिलं. चमकता ठिपका होता. कडं नव्हतं.

“मला नाही दिसत, काका.”

“शैलाताई, तुम्ही बघा.”

मावशी उठून आली, बघितलं आणि म्हणाली, “मलाही नाही दिसत. पण मला सुईचं नेढंही दिसत नाही, माझं धरू नका.”

“म्हणजे इथल्या तिघांत इन्स्पेक्टर एकटा मीच,” काका म्हणाले आणि खूश झाले. मग निघता निघता, चप्पल घालताना, मावशीशी इकडचं तिकडचं बोलले. हल्ली ते संध्याकाळचे स्कूटर काढत नाहीत. का, तर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे हल्ली फार वाईट यायला लागलेत. सगळ्यांना कडी आहेत.

मी चिमटा खाली ठेवला.

ते गेल्यावर मी मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, “मोतीबिंदू. माझ्या सासऱ्यांना असंच व्हायचं. सांगून टाक त्यांना.”

“तू सांग.”

“तुझा ग्राहक आहे. मी कधी तुला कुणाच्या बाह्या मोजायला लावल्यात?”

सांगायचं कसं, हा प्रश्न होता. ज्या माणसाचं अख्खं आयुष्य नजरेवर गेलं, त्याला माझ्यासारखीने, तेही मराठी आकडे न येणाऱ्या मुलीने, नजर गेली म्हणून सांगायचं? आणि त्यांनी ते जाधवशेठला सांगितलं की कॅमेऱ्याचं मशीन आलंच.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी टेबलावर तीन टॉर्च मांडून ठेवले होते. एक त्यांचा. एक बागायतदारांचा, तो पुन्हा आला होता, या वेळी काच फोडून. काच बदलून झाली होती. तिसरा माझा, रस्त्यावरच्या गाडीवरचा, स्वस्तातला.

“काका, कोणत्यात कडं नाही, ते बघता?” एवढं वाक्य मी सकाळपासून पाठ केलं होतं.

त्यांनी एकेक लावून तुकड्यावर धरला. पहिला. दुसरा. तिसरा. मग पुन्हा पहिला.

“तिन्हीत आहे,” ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज कामावरचा झाला. “काच?”

“तिन्हींच्या वेगळ्या.”

“एलईडी?”

“वेगळे.”

“सेल?”

“वेगळे.”

“मग तिन्हीत सारखं काय आहे?”

मी इस्त्रीकडे बघत राहिले.

“बोल की. इतलं काय घाबरस? मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत सांग.”

इंग्रजीतही जमलं नसतं. मावशीचं मशीन केव्हाच थांबलं होतं. दोरीपलीकडे कुणीतरी पिको झाला का म्हणून विचारत होतं आणि मावशी चक्क उत्तर देत नव्हती.

काकांनी तुकडा डोळ्यांसमोर धरला. भोकात बघायला एकच डोळा लागतो, आणि काका इतकी वर्षं उजव्यानेच बघत आले होते. डावा फक्त मिटण्यापुरता. आता त्यांनी उजवा मिटला आणि डाव्याने बघितलं. मग डावा मिटला, उजव्याने बघितलं. असं त्यांनी पुन्हा एकदा केलं, सावकाश, एखादा वादातला तुकडा पुन्हा हातात घ्यावा तसं.

“उजवा रिजेक्ट,” ते म्हणाले.

मग तुकडा खाली ठेवत तेच म्हणाले, “सगळी साधनं तपासली रे. हे राहून गेलं.”

“डावा चांगला आहे ना, काका?” मी कसंबसं विचारलं.

“डावा चांगला आहे. पण डावा ट्रेनी आहे. त्याच्या हाती माल नाही देता येत.”

मावशी लगेच आत आली. तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन कसं झालं, फक्त थेंब घातले, सुई नाही की टाका नाही, संध्याकाळी घरी येऊन त्यांनी खिचडीला नावं कशी ठेवली, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. काका ऐकून घेत होते. त्यांना भीती ऑपरेशनची नव्हती असं मला वाटतं. ते तिथून उठून जाधवशेठकडे जाणार होते, आणि काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

काय सांगितलं ते नंतर कळलं. त्यांनी शेठना सांगितलं, बॅटरीत दोष नाही, माझ्या डोळ्यात आहे. साधन दुरुस्तीला टाकतोय. आल्यावर आधी चीर बघेन, दिसली तर कामाला बसेन, नाही तर तुम्ही मशीन आणा. शेठ “बघू” म्हणाले. काका म्हणाले, त्या ‘बघू’चा अर्थ त्यांना पक्का लागला नाही, आणि पक्कं नसलेलं ते कुठल्याच खोक्यात टाकत नाहीत.

ते ऑपरेशनला गेले तेव्हा मी त्यांचा टॉर्च पुन्हा उघडला. आता मला माहीत होतं की काकांना लांब फेक नको होती, ठिणगीसारखा मधला ठिपकाही नको. स्टील आरशासारखं असतं. त्यावर जितका जोर लावावा तितका तो परत डोळ्यात येतो. मी आकड्याकडे न बघता मऊ, उन्हाच्या रंगाचा एलईडी घेतला आणि काचेच्या आतून धुरकट कागदाची बारीक चकती लावली, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पडेल. काकांनी नमुन्याला माझ्याकडे ठेवलेला एक रद्दी व्हॉल्व्ह तिरका धरून आत पाहिलं. भिंतीवरचे कातकामाचे वळसे दिसत होते. मापाच्या यंत्रावर आकडा पहिल्यापेक्षाही खाली आला होता. हे काम कुणाला दाखवावं असं मला वाटलं, पण आमच्या दुकानात ते कळणारं कुणी नव्हतं.

काका आले ते काळा चष्मा लावून. ते दोरीखालून येत असताना मावशी म्हणाली, “या, हिरो.”

“बॅटरी दे,” ते म्हणाले. बसलेही नाहीत. चष्मा काढला, रुमाल उलगडला, तुकडा उजव्या डोळ्याला लावला, टॉर्च बाजूने आणून तिरका धरला आणि अंगठ्याने अर्धी काच झाकली. मी ब्लाउजांची दोरी बघत होते. त्यातला एक मोरपिशी होता, त्याचे हुक लावायचे राहिले होते.

“आहे,” काका म्हणाले.

तुकडा त्यांनी लगेच खाली नाही घेतला.

मग माझ्याकडे वळले. एक डोळा मिटला, मग दुसरा. “डाव्याने बघितलं तर पोरगी पिवळी दिसते, उजव्याच्या नव्या भिंगातून निळसर. कोणती पास करू?”

“करून टाका कुठलीही,” मावशी म्हणाली. “आम्ही स्थळं बघतोच आहोत.”

मी आत काहीतरी शोधायला गेले. आमच्या दुकानाला आत नाही, म्हणजे मी टेबलाखाली गेले.

काका तिथून थेट वर्कशॉपला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन वाजला. तिने कानाला लावला, “बोला शेठ” म्हणाली, ऐकत गेली, आणि मग तिला असं हसू फुटलं की तिने फोन सरळ माझ्यापुढे धरला. मी फोन घेत नाही, हे तिला माहीत आहे. पण तो समोरच होता.

“त्या बॅटरीवाल्या ताई का?” पलीकडून जाधवशेठ. “ताई, काकांचं आमच्या इथं सकाळपासून लाल ठिपके लावणं चाललंय. रंगाची दुसरी डबी मागवली त्यांनी. मी म्हणतो, एवढं बारीक गिऱ्हाईकसुद्धा बघत नाही. तेवढा जरा उजेड कमी करून देता येईल का हो?”

इतक्या वर्षांत ही मागणी पहिल्यांदाच आली होती.

“येईल,” मी म्हणाले. माझा आवाज मला ओळखू आला नाही. “पण टॉर्च काकांनी स्वतः आणून द्यायला हवा.”

“ते कशाला देतात!”

“मग नाही जमायचं.”

शेठच्या मागे यंत्रांची घरघर चालू होती, आणि त्या घरघरीवरून काकांचा आवाज आला, “शेठ! फोन ठेवा आणि इकडे या. हा बघा, अजून एक!”